ओळीच्या शेवटचे पहारेकरी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. तुर्भ्याच्या गाळ्यात कॉम्प्युटर सुरू केला आणि तो तयार होईपर्यंत हा कागद पुढे ओढला.

मास्तर, तुम्हाला जाऊन आज सात दिवस झाले. संध्याकाळी साडेपाचला इथल्या चर्चमध्ये तुमच्या सातव्या दिवसाची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, आहे. तुमची मुलगी सेलीन आणि तिचे आठ जणांचे गायनमंडळ मी छापलेल्या पुस्तकातून गाणार आहेत. त्या पुस्तकात एक दोष आहे. तो तुम्हाला ठाऊक होता आणि मला ठाऊक आहे. गेल्या शनिवारी, तुमच्या अंत्यविधीला, तो भर चर्चमध्ये उघडा पडला, तरी कोणी त्याला ओळखले नाही. पाच वाजेपर्यंत मला तो काढायचा आहे.

आज वार वाईट आहे. शुक्रवारी या पट्ट्यातले कारखाने बंद असतात, म्हणून विजेची दुरुस्तीही याच दिवशी निघते. बाहेर ट्रकांचा आवाज नाही. वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही.

शनिवारी मी तुमच्या शवपेटीपासून आठ पावलांवर, खांबाच्या कडेला उभा होतो. आपली ओळख दोन वर्षांची, पण चर्चमध्ये मी त्या दिवशी पहिल्यांदा आलो. वहाणा बाहेर काढल्या आणि आत गेल्यावर पाहिले, बाकी सर्वांच्या पायांत होत्या. मृतांच्या मिस्सेचे ते जुने लॅटिन गायन सुरू झाले. पहिली ओळ नीट गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी आठही जण थांबले. श्वासाला लागतो त्याहून जास्त वेळ थांबले. मग सेलीनने एक सूर धरला, मागच्या दोघांनी दुसरा धरला, उरलेल्यांनी कोणताच धरला नाही. फादरांनी प्रार्थना सुरू करून ती पोकळी झाकली.

बाहेर आल्यावर सेलीन म्हणाली, "काका, सगळ्यांना एकदम भरून आलं हो. पुढचं गाताच येईना."

मी मान हलवली. त्या वेळी बोलायला हवे होते. बोललो नाही.

दोष काढलेल्या नव्या पानांची छपाई सुरू केली आहे. या यंत्राला एका पानाला चार मिनिटे लागतात, आणि आठ प्रतींसाठी प्रत्येक पान आठ वेळा काढायचे आहे. तेवढ्यात लिहितो.

तुम्ही प्रथम आलात तेव्हा माझी पायाने चालवायची जुनी ट्रेडल छपाई मशीन कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनावर जाऊन महिना झाला होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात चाळीस वर्षे घालवलेला माणूस एकसष्टाव्या वर्षी उंदीर म्हणतात ती वस्तू हाताखाली घेऊन बसला होता. लग्नपत्रिका आणि औषधांच्या खोक्यांची लेबले, एवढेच काम येई. तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीतून सहा फ्लॉप्या काढल्या आणि फडक्यात बांधलेले एक पुस्तक काढले.

"जावयाने बोटीवरून आणल्यात," तुम्ही म्हणालात. "स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर आहे. यातून हे पुस्तक पुन्हा उभं करायचं. करणार का?"

पुस्तक ग्रेगोरियन गायनाचे होते. वसईकडच्या तुमच्या गावातल्या चर्चमध्ये लॅटिन बंद झाले तेव्हा टाकून दिलेले, तुम्ही उचलून पत्र्याच्या पेटीत ठेवलेले. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. स्वर चौकोनी, रेघा चार.

"मला गाण्यातलं काही कळत नाही," मी सांगितले.

"उत्तम. ज्याला कळतं तो सुधारणा करतो. मला सुधारणा नकोत." मग खुर्ची ओढून बसलात. "माझ्या स्वतःच्या मिस्सेसाठी हवंय. पोरं गिटार घेऊन उभी राहतील. मला गिटारवर जायचं नाही."

ते तुम्ही हसत म्हणालात. मी हसलो नाही. गिऱ्हाईक मुदत सांगत आहे, असे मी समजलो.

ते सॉफ्टवेअर बँडवाल्यांसाठी केलेले होते. त्याला पाच रेघा हव्यात, ताल हवा, आणि दर चार मात्रांना एक उभी दांडी हवी. पाचवी मात्रा टाकली की ते टुक् असा आवाज काढून नकार देई. तुमच्या गायनात ताल नाही, मात्रा नाहीत, दांडीही नाही. पहिल्या आठवड्यात त्या टुक्-टुकने माझे डोके उठले. तुम्ही मागे उभे राहून म्हणालात, "त्याला सांगा निकम, इथे मोजणारं कोणी नाही."

"त्याला मराठी कळत नाही."

"मग लॅटिनमध्ये सांगू?"

शेवटी मी त्याला फसवले. एक आख्खी ओळ म्हणजे एकच ताल आणि त्यात हव्या तेवढ्या मात्रा, असे त्याला पटवले आणि दांड्या लपवल्या. पाचवी रेघ काढून टाकली. चौकोनी स्वर फॉन्टमध्ये मी स्वतः काढला. तो चौकोन तुम्ही भिंगातून पाहिलात आणि विचारलेत, "कोपरे इतके टोकदार कशाला? टोचतील ना गाणाऱ्यांना." कोपरे मी बोथट केले. दोन वर्षांत तुमची पहिल्या झटक्यात मानलेली ही एकच दुरुस्ती.

चार पाने झाली. अजून आठ.

आपण प्रूफ कसे तपासत होतो ते कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून पाहायचे, ही जुनी रीत. आपण तीच ठेवली. फरक इतकाच की तुम्ही मूळ प्रत गात होता. मी बोट फिरवत होतो. तुमचा आवाज वर गेला की माझ्या पानावरचा चौकोन वर गेलेला असला पाहिजे. खाली आला की खाली. मला संगीत कळत नाही हे मी आजही म्हणतो, पण सहा महिन्यांनी चौकोन चुकला तर तुमच्या आधी माझे बोट थांबू लागले. तुम्ही गाणे न तोडता भुवई उंच करायचा. शेजारच्या गाळ्यातला लेथवाला सरदार तेवढा वेळ आपले यंत्र बंद ठेवी. मी त्याला कधी तसे सांगितले नव्हते. तुम्ही सांगितले असल्यास मला माहीत नाही.

आता त्या दोषाविषयी.

जुन्या पुस्तकात प्रत्येक ओळीच्या टोकाला एक बारीक खूण होती. स्वरापेक्षा अरुंद, अर्ध्या टिंबासारखी. मी ती शाईचा डाग समजलो. चाळीस वर्षे पानावरचे डाग काढणाऱ्या माणसाने हेही काढले. पहिली पाने पाहून तुमचा चेहरा उतरला.

"निकम, हे डाग नाहीत. हे पहारेकरी आहेत."

मग तुम्ही समजावून सांगितलेत. ओळ संपते तेव्हा गाणाऱ्याची नजर डाव्या टोकाकडे धावते. तेवढ्या क्षणात सूर निसटतो. पुढच्या ओळीचा पहिला सूर ज्या उंचीवर आहे त्या उंचीवर ही खूण आधीच उभी असते. ती गायची नसते, नुसती पाहायची असते.

मी ते मान्य केले आणि खुणा घातल्या. पण सॉफ्टवेअरला खूण आणि स्वर यांतला फरक कळत नव्हता. अक्षर थोडे मोठे करताच ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या आणि तुमचे पहारेकरी ओळींच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. मंडळाने सरावात त्यांनाही स्वर समजून गाऊन टाकले. तुम्ही ते पान माझ्यासमोर गाऊन दाखवलेत, चुकांसकट, अगदी गंभीर चेहऱ्याने. लेथवाला सरदार दारात येऊन उभा राहिला.

मला राग आला. माझ्या कामावर कोणी हसलेले मला चालत नाही. त्याच दुपारी मी एका आज्ञेने सर्व खुणा पुसल्या आणि मंडळासाठी आठ आणि तुमच्यासाठी एक अशा प्रती तशाच छापून, शिवून दिल्या.

तीन महिने आपण त्यावर भांडलो. तुमचे म्हणणे, हाताने घाला. माझे म्हणणे, छापील पानाला पेन लागलेले माझ्या छापखान्यातून कधी बाहेर गेलेले नाही.

"हाताने टिंबंच काढायची तर एवढं यंत्र घेऊन मी बसलोय कशाला?"

"यंत्र तुमचं आहे. गळा त्यांचा आहे."

"सरावाला मी बाहेर उभा राहून ऐकलंय. कुठेही अडत नाहीत."

"अडत नाहीत, कारण मी तिथे असतो." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "ओळ संपली की पुढचा सूर मी ओठांतल्या ओठांत देतो. मी नसेन तेव्हा कोण देणार? तुम्ही?"

हा प्रश्न तुम्ही ४ तारखेच्या मंगळवारी विचारलात. मी दिलेले उत्तर छापखान्यातले सर्वात जुने उत्तर आहे. "पुढच्या आवृत्तीत बघू."

"पुढची आवृत्ती?" तुम्ही छत्री काखेत मारलीत. "माझी का पुस्तकाची?"

मी पुढच्या लेबलांच्या कामाकडे वळलो. तुम्ही गेलात तेव्हा मान वर केली नाही. शुक्रवारी सकाळी फोन आला.

अकरा वाजून चाळीस मिनिटे. वीज गेली.

बॅटरीवरच्या यूपीएसने दहा मिनिटे दिली. त्यात पाचवे पान निम्मे निघाले आणि अडकले. वीजमंडळाच्या माणसाला बाहेर गाठले. तो म्हणाला, "आजोबा, आज विसरा. केबलच काढलीये." वाशीला जाऊन झेरॉक्स काढता आली असती, पण कशाची? प्रत्येक ओळ वेगळी तोडून खुणा जागेवर बसवलेली नवी पाने कॉम्प्युटरच्या पोटात होती. चार पाने नवी आणि आठ जुनी असे पुस्तक मी कोणाच्या हातात देणार नाही.

मंडळाच्या जुन्या आठही प्रती माझ्यापुढे होत्या. शिवण सैल झाली आहे असे खोटे सांगून सोमवारी मी त्या सेलीनकडून परत आणल्या होत्या. एक प्रत उघडली. खुणांसाठी ओळींच्या टोकाला सोडलेली जागा मी खुणा पुसताना बुजवली नव्हती, हे तेव्हा लक्षात आले. चारही रेघा टोकापर्यंत जात होत्या आणि शेवटी तेवढे रिकामे होते.

मशीन विकली तरी खिळ्यांची एक पेटी मी ठेवली होती. का, ते घरात कोणी विचारले नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायला कोरा खिळा लावतात. त्यावर अक्षर नसते, नुसता शिशाचा तुकडा. त्यातला सर्वात अरुंद निवडला, चिमट्यात धरला, काचेवर थोडी काळी शाई पसरली आणि रद्दी कागदावर दाबून पाहिला. लहान, अरुंद, काळा चौकोन उठला. कोपरे टोकदार होते. सहाणेवर घासून ते बोथट केले.

मग दारातल्या उजेडात टेबल ओढून बसलो. एका प्रतीत एकसष्ट ओळींना खूण लागते. ज्या ओळीला गाणे संपते तिला लागत नाही.

पहिल्या प्रतीला पाऊण तास गेला, कारण प्रत्येक खुणेची खात्री करायची होती. मूळ प्रत वाचणारा नव्हता. बोट ठेवले, पण आवाज नव्हता आणि आवाजाशिवाय त्या पानांवर बोट फिरवण्याची मला सवय राहिलेली नाही. म्हणून ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीचा आरंभ मी स्वतः म्हणून पाहिला. गायलो असे म्हणणे धाडसाचे होईल. आवाज काढला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी मी पाच वेळा थांबलो. तो सूर एकदम वर उडी घेतो, आणि पाहिल्याशिवाय ती उडी कोणालाही घेता येणार नाही. आठ जणांना शनिवारी ती आली नाही यात त्यांचा दोष नव्हता. तीन महिन्यांत हे मी एकदाही स्वतः करून पाहिले नव्हते.

सरदार सुटीच्या दिवशीही गाळा झाडायला आला होता. दारात थांबून म्हणाला, "मास्टरजी की याद में गा रहे हो, निकमसाब?"

"काम करतोय," मी म्हटले.

उरलेल्या सात प्रती अडीच तासांत झाल्या. शाई सुकायला अर्धा तास ठेवल्या. चार वाजता शटर ओढले आणि रिक्षा केली.

सेलीन चर्चच्या बाहेर पायरीवर होती. हॉस्पिटलची ड्यूटी करून थेट आलेली. मी प्रती दिल्या आणि पान उघडून दाखवले.

"या खुणा गायच्या नाहीत. फक्त पाहायच्या. पुढची ओळ इथून सुरू होते."

तिने वाकून पाहिले. "हे आधी नव्हतं."

"असायला हवं होतं. मी काढून टाकलं होतं. तुमचे बाबा घाला म्हणत होते, मी ऐकलं नाही. शनिवारी तुम्ही रडू आलं म्हणून थांबला नाहीत, सेलीन. पुस्तकात उणीव होती. ती माझी."

तिचा चेहरा मऊ होईल असे मला वाटले होते. झाला नाही.

"म्हणजे आम्ही चुकलो नव्हतो?"

"नाही."

"सहा दिवस मी झोपले नाहीये, काका. बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आणि तीच मी बिघडवली म्हणून. सोमवारी तुम्ही घरी आलात. माझ्यासमोर बसून चहा प्यायलात. शिवण सैल झालीये म्हणालात."



तिने पाने चाळली. मग बोट एका खुणेवर थांबले. "बाबांच्या प्रतीत होत्या अशा. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ओळीच्या शेवटी बारीक बारीक काहीतरी करत बसायचे. पेन्सिलीने. मी म्हटलं, बाबा, पेन घ्या, दिसतसुद्धा नाही. तर म्हणाले, निकमच्या पानाला पेन लागलेलं त्याला चालत नाही."

"ती प्रत कुठे आहे?"

"त्यांच्या हातात दिली ना. जपमाळेबरोबर." तिने पुस्तक मिटले. "सहाव्या पानापर्यंतच झाल्या होत्या."

मास्तर, बरोबर असलेली एकच प्रत होती, अर्ध्यापर्यंत का होईना, आणि शनिवारी ती माझ्यापासून आठ पावलांवर झाकणाखाली होती. भांडून गेल्यावर तुम्ही माझा नियम पाळून काम करत बसलात. मी तुमचे ऐकून अर्धा दिवसही बसलो नव्हतो.

साडेपाचला मी पुन्हा त्याच खांबाशी उभा राहिलो, या वेळी वहाणा घालून. माझ्याकडे पुस्तक नव्हते. उजव्या हाताचे बोट पँटच्या शिवणीवर ठेवले. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरी संपत आली तेव्हा सेलीनची मान डावीकडे वळताना मला दिसली. वळण्याआधी तिची नजर क्षणभर टोकावर थांबली. श्वास झाला. आठही जण एकदम वर गेले, एकाच सुरावर.

मी शेवटपर्यंत थांबलो. निघताना सेलीनने लांबून हात केला नाही, पण पुस्तक छातीशी धरून माझ्याकडे पाहिले. तेवढे पुरे आहे. जे मी सोमवारी करायला हवे होते ते शुक्रवारी केल्याबद्दल याहून अधिक मिळू नये.

संध्याकाळचे सव्वासात. गाळ्यात परत आलो आहे. वीज आली आहे.

तुम्ही बरोबर होता. हे वाक्य मंगळवारी तीन शब्दांत संपले असते आणि तुम्ही छत्री खाली ठेवून चहा पूर्ण प्यायला असता. तुम्ही मला एकसष्टाव्या वर्षी पुन्हा कामाला लावलेत, हेही तेव्हाच सांगता आले असते. त्याबद्दल मी आपला आभारी आहे.

खिळा घासलेटने पुसून पेटीत त्याच्या खणात ठेवला. कपाटातून छापखान्याची स्वतःची प्रत काढली, जी दर कामाची एक आम्ही ठेवतो. तीत अजून एकही खूण नव्हती. पेन्सिलीला टोक केले. पहिली सहा पाने उलटून सोडली, ती तुमच्याकडे आहेत. सातव्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक ओळीच्या टोकाला खूण केली, शेवटच्या ओळीपुढे जागा कोरी ठेवली, शटर खाली घेतले आणि कुलूप दोनदा ओढून पाहिले.